वैद्यांचे लोकलेखन : वाचक मिळविणे आणि लेखन टिकविणे

आपल्या व्यवसायातील बहुतेकांनी केव्हा ना केव्हा लोकांसाठी लेखन केलेले असते. कोणी स्थानिक साप्ताहिकात आरोग्यविषयक सदर चालवितो, कोणी दवाखान्याच्या वर्धापनदिनी माहितीपत्रक काढतो, कोणी फार्मसीच्या वतीने ग्राहकांसाठी द्वैमासिक सुरू करतो. आरंभीचे दोन-तीन अंक उत्साहाने निघतात. चौथ्या अंकास उशीर होतो, पाचव्यात जुन्याच मजकुराची पुनरावृत्ती होते आणि सहावा अंक निघतच नाही. आम्ही हे दुसऱ्याचे म्हणून सांगत नाही. २००९ साली आम्ही सुरू केलेल्या आठपानी मासिक पत्रकाची गती नेमकी हीच झाली. प्रत्येक महिन्यास हजार प्रती आम्ही छापवून घेत असू. त्यांतील उरलेल्या कागदांत आमच्या दवाखान्यात पुढील वर्षभर चूर्णांच्या पुड्या बांधल्या गेल्या. रुग्णांनी आमचे ते लेखन वाचले असेलच, तर पुडी उलगडताना वाचले असेल.

२०१४ साली आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी पत्रक चार पानांचे, वर्षातून सहा वेळा निघणारे आणि दोनशे प्रतींचे होते. ते आजतागायत चालू आहे. या दोन प्रयत्नांमध्ये काय बदलले आणि मधल्या काळात आमच्या हातून कोणती चूक घडली, हे व्यवसायबंधूंपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. औषधनिर्मात्यांनाही त्यातील काही भाग उपयोगी पडेल.

लोकांसाठी नियमित लेखन करणे आपल्या परंपरेत नवे नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' या नियतकालिकाद्वारे मराठीतून आयुर्वेद मांडला आणि त्यांच्याच पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय स्वरूपाचे वैद्यसंमेलन भरले. गावोगावी विखुरलेले वैद्य एका हाकेसरशी जमतात, तेव्हा त्या हाकेमागे आधी तयार झालेला वाचकवर्ग असतो, असे आम्हांस वाटते. आमच्या पिढीने वैद्य प. य. खडीवाले आणि डॉ. बालाजी तांबे यांचे दैनिकांतील लेखन पाहिले. त्यांच्या प्रतिपादनाशी एखाद्याचा मतभेद असू शकेल. पण दूध, तूप, भाकरी, मनुका असे स्वयंपाकघरातील शब्द घेऊन ते वाचकाच्या घरात शिरत, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

आमच्या पहिल्या पत्रकातील पहिल्या लेखाचे शीर्षक 'वर्षाऋतुचर्या : एक शास्त्रीय विवेचन' असे होते. लेख चुकीचा नव्हता. त्यात वातप्रकोप होता, अग्निमांद्य होते, अम्लविपाक होता, बस्तिचिकित्सेचे महत्त्वही होते. एखाद्या विद्यार्थ्याने तो परीक्षेत लिहिला असता तर त्यास चांगले गुण मिळाले असते. आणि तोच त्याचा दोष होता. तो आम्ही आमच्या गुरुजनांसाठी लिहिला होता. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या, गुडघे दुखत असलेल्या बाईंसाठी तो लिहिलेला नव्हता. पाच वर्षांनी तोच विषय आम्ही 'पावसाळ्यात भूक का मंदावते?' या शीर्षकाखाली दिला. शास्त्र तेच होते, मजकूर निम्मा होता. त्या आठवड्यात तीन रुग्णांनी स्वतः होऊन आणखी एक प्रत शेजाऱ्यांसाठी मागून नेली.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने अध्ययनासाठी शास्त्रग्रंथ कसा निवडावा हे सांगितले आहे. ग्रंथ तीनही प्रकारच्या बुद्धीच्या शिष्यांना हितकर असावा, पुनरुक्तीपासून मुक्त असावा, क्लिष्ट शब्दांचा नसावा, लवकर उमजणारा आणि उदाहरणांनी युक्त असावा, असा त्याचा आशय आहे. पदवी अभ्यासक्रमात हा भाग आपण सर्वांनी पाठ केला. परंतु ही परीक्षा आपल्या स्वतःच्या लेखनासही लावावयाची असते, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी आम्ही सहा महिने काहीच लिहिले नाही. त्याऐवजी तपासणीच्या टेबलावर एक साधी वही ठेवली आणि रुग्ण जाता जाता जो प्रश्न विचारतो तो त्याच्याच शब्दांत त्यात टिपून ठेवू लागलो. आपण सर्वजण जाणतो की रुग्णाचा खरा प्रश्न पुष्कळदा औषधाची पिशवी हातात घेतल्यावर, दारापाशी विचारला जातो. 'दूध-केळं एकत्र चालतं का?' 'रात्री दही खाल्लं तर काय होतं?' 'तुपानं कोलेस्टेरॉल वाढतं ना?' 'साखर आहे, मग च्यवनप्राश घेऊ का?' 'उपवासाला साबुदाणा सोसत नाही, दुसरं काय खाऊ?' 'पंचकर्मात नक्की काय काय करतात, दुखतं का?' हे असे प्रश्न. सहा महिन्यांत वही निम्मी भरली. प्रश्न फार नव्हते; तेच ते प्रश्न फिरून फिरून येत होते. जो प्रश्न पाच वेगवेगळ्या माणसांनी विचारला त्यावर लेख लिहावयाचा, असा नियम आम्ही केला. तेव्हापासून विषय सुचत नाही म्हणून पत्रक अडले, असे एकदाही झाले नाही. लेखन थांबते ते लेखकाचे ज्ञान संपल्यामुळे नव्हे. ग्रंथ उघडून विषय शोधत बसण्याचा त्यास कंटाळा येतो म्हणून थांबते. दवाखाना चालू आहे तोपर्यंत प्रश्नवही कधी रिकामी राहत नाही.

या वहीचा दुसरा लाभ शब्दांचा झाला. आपण अम्लपित्त म्हणतो तेथे रुग्ण नुसते 'पित्त' म्हणतो, आणि अंगावर उठलेल्या गांधींनाही तो 'पित्त'च म्हणतो. 'वात' म्हणजे कोणास पोटातील वायू वाटतो, तर कोणास सांध्यांचे दुखणे. 'उष्णता झाली' या दोन शब्दांत तोंड येणे, लघवीस जळजळ, हातापायांची आग आणि गुदमार्गे रक्त पडणे एवढे सारे येऊ शकते. 'कडकी' हा शब्द तर आमच्या निदानाच्या कोणत्याच पुस्तकात नाही, आणि तरीही त्यावर लिहिलेला लेख लोकांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. शास्त्रीय परिभाषा सोडावी, असे आमचे म्हणणे नाही. लेखाच्या आरंभी रुग्णाचा शब्द घ्यावा, त्याचे दोन किंवा तीन निरनिराळे अर्थ वेगळे करून दाखवावेत आणि मग आपली संज्ञा एकदाच, अर्थासहित द्यावी. वाचकास आपले दुखणे ओळखू आले की तो पुढची ओळ वाचतो.

आता वेळेविषयी. मासिक काढण्याचा मोह आम्ही सोडला, याचे कारण आळस हे तर होतेच. परंतु आपल्या शास्त्राने सहा ऋतू सांगितले आहेत आणि दोन ऋतूंच्या सांध्यावरील पंधरवडा, म्हणजे सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, हा आहारविहार बदलण्याचा काळ मानला आहे. वाचकास सल्ल्याची गरज नेमकी तेव्हा असते. म्हणून आमचे पत्रक ऋतुसंधीच्या आठवडाभर आधी हातात पडेल असे आम्ही पाहतो. श्रावण-भाद्रपद वर्षा आणि आश्विन-कार्तिक शरद धरल्यास हा सांधा सर्वपित्री अमावास्येच्या मागेपुढे येतो. वसंताचा सांधा गुढीपाडव्याच्या सुमारास येतो. ऑक्टोबरच्या उष्म्याने डोकी तापल्यानंतर पित्तावर लिहून उपयोग नाही. तो लेख पितृपक्ष लागण्यापूर्वीच छापखान्यात गेला पाहिजे. अर्थात कोकणात ज्येष्ठातच पाऊस कोसळू लागतो. तेथील वैद्याने पंचांगापेक्षा आकाशाकडे पाहून तारीख ठरवावी. एकदा ठरविलेली तारीख मात्र मोडू नये. २०१६ साली एक अंक तीन आठवडे उशिरा निघाला, तेव्हा दोन वृद्ध वाचक 'अंक आला का?' असे विचारीत दोनदा दवाखान्यात येऊन गेले. आपण वाचकास एक सवय लावली आहे आणि ती आपणच मोडीत आहोत, ही जाणीव आम्हांस त्या दिवशी झाली.

प्रती वाटण्याच्या पद्धतीतही आम्ही बदल केला. पूर्वी प्रत्येक रुग्णाच्या हातात आम्ही बळेच प्रत देत असू, आणि संध्याकाळी त्यांतील पुष्कळशा बाकावर, पायरीवर पडलेल्या सापडत. आता गठ्ठा टेबलावर असतो. ज्यास हवी तो उचलतो. किती प्रती छापल्या हा आकडा वैद्यास सुखावणारा असतो, परंतु त्यातून काहीच कळत नाही. किती प्रती बाकावर पडून राहिल्या, हा आकडा पाहावा.

औषधनिर्मात्यांची पत्रके ही या विषयातील वेगळी बाजू आहे. आमच्याकडे निरनिराळ्या फार्मसींची पत्रके येतात. त्यांतील बहुतेकांत पहिल्या परिच्छेदात व्याधी असतो, दुसऱ्यात लक्षणे आणि तिसऱ्यापासून त्या फार्मसीची वटी, आसव आणि तेल. वाचक तिसऱ्या परिच्छेदाशी थांबतो आणि पुढील वेळी पहिलाही वाचीत नाही. या संदर्भात आयुर्वेदाबाहेरचे, परंतु आपल्याच मातीतले एक उदाहरण आठवते. लोखंडी नांगर तयार करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटेसे पत्र सुरू केले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत जावी हा त्यामागील मूळ हेतू. परंतु ते पत्र नांगराच्या जाहिरातीपुरते राहिले नाही. त्यात स्वावलंबन, उद्योग, समाजसुधारणा, कथा, चित्रे असे जे जे आले त्यामुळे नांगराशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशीही माणसे ते वाचू लागली. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' हे मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या. नांगराचे नाव घरोघर गेलेच. पण ते वाचकाने आपखुशीने घरात घेतलेल्या मासिकाबरोबर गेले. फार्मसीचालकांनी चार पानांपैकी साडेतीन पाने वाचकास आणि अर्धे पान आपल्या उत्पादनांस द्यावे. ते अर्धे पानही चौकटीत, जाहिरात म्हणून स्पष्ट दिसेल असे असावे. लेखाच्या पोटात लपविलेली जाहिरात वाचक ओळखतो आणि त्यानंतर लेखावरही विश्वास ठेवीत नाही.

यात केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४, ज्यास आपण बोलण्यात मॅजिक रेमेडीज ॲक्ट म्हणतो, त्यात जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन, लेबल किंवा अन्य कोणताही दस्तऐवज तीत येतो. तोंडी केलेली घोषणा येते. इतकेच काय, प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. (धुराने जाहिरात करणारा वैद्य अद्याप आमच्या पाहण्यात नाही.) तेव्हा 'आमचे तर माहितीपत्रक आहे, जाहिरात नव्हे' हा बचाव आपोआप लागू पडत नाही. या अधिनियमाच्या अनुसूचीत ५४ व्याधी आणि अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, उच्च आणि न्यून रक्तदाब, अपस्मार, मोतीबिंदू, पक्षाघात, स्थौल्य, स्त्रियांचे वंध्यत्व ही त्यांतील काही नावे. या व्याधी अमुक औषधाने बऱ्या होतात, कमी होतात वा टळतात, असे सुचविणारी जाहिरात निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुढील अपराधास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथास त्यात सूट आहे. परंतु मधुमेहावरील लेखाच्या शेवटी आपल्या दवाखान्याच्या चूर्णाचे नाव आणि किंमत घातली की ती सूट आपण स्वतःच्या हाताने गमावतो, असे आम्ही समजतो. आमच्या पत्रकात म्हणून औषधांची विक्रीनामे येत नाहीत. द्रव्यांची नावे येतात. आणि द्रव्यांच्या नावांनीही काय घडू शकते, ते आता सांगतो.

२०२० सालच्या जून महिन्यातील अंकात आम्ही गुळवेलीवर लिहिले. तो काळ सर्वांना आठवत असेल. घराघरांत काढे उकळत होते, मेडिकलच्या दुकानांत गुळवेलीच्या गोळ्या संपत होत्या आणि प्रश्नवहीत दिवसाला चार-चार वेळा तोच प्रश्न येत होता. लेख चार परिच्छेदांचा होता. पहिल्या तिन्हींत गुळवेलीचे गुण, ओळख आणि काढ्याची कृती होती. चौथ्यात मात्रा किती, किती दिवस घ्यावा, मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नये आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी टाळावा, हे सर्व व्यवस्थित लिहिले होते. तो लेख कोणीतरी मोबाईलवर छायाचित्र काढून पाठविला. छायाचित्रात पहिले तीन परिच्छेद मावले. चौथा पान उलटल्यावर होता.

आमचे एक जुने रुग्ण, सेवानिवृत्त गृहस्थ, मधुमेहासाठी आधुनिक औषधे घेणारे. त्यांच्याकडे ते छायाचित्र एका नातेवाइकाकडून आले. पाठविणाऱ्याचे नाव त्यांनी पाहिले नसेल, पण खाली दवाखान्याचे, म्हणजे आमचे, नाव होते आणि ते त्यांनी पाहिले. वैद्यांनी लिहिले आहे म्हणजे घ्यावयास हरकत नाही, असे समजून त्यांनी दिवसातून तीन वेळा, पेला भरून काढा घेण्यास आरंभ केला आणि तो अडीच महिने चालू ठेवला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून वजन उतरविण्याचेही मनावर घेऊन रात्रीचे जेवण अर्ध्यावर आणले. मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू होत्या. एके पहाटे स्नानगृहात चक्कर येऊन ते पडले. कपाळास खोक पडली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. सुदैवाने ते चार दिवसांत घरी आले. गुळवेल, अर्धे जेवण आणि गोळ्या यांपैकी कोणाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. परंतु त्यांच्या कन्येने ते छायाचित्र आमच्यापुढे धरले आणि एवढेच विचारले, 'डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंय ना?' लेखाचे चौथे पान काढून दाखविण्याचा विचार आमच्या मनात आला होता, हे कबूल करतो. आम्ही ते काढले नाही.

पुढे २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख शास्त्रोक्त रीतीने पटविलेली नाही आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होऊ शकते, असा त्या हरकतीचा रोख होता. तो वाद आपणांस ठाऊक आहे. आमच्यापुरता प्रश्न याहून लहान होता. ओळख, मात्रा, काल आणि निषेध या चार गोष्टी आम्ही लिहिल्या होत्या, परंतु चुकीच्या जागी लिहिल्या होत्या. रुग्णास समोर बसवून आपण औषध देतो तेव्हा त्याची प्रकृती, बल, वय, अग्नी, चालू औषधे पाहतो. लेख वाचणाऱ्यापैकी आपण काहीच पाहिलेले नसते. आणि त्याच्या हातात पूर्ण लेख पडेल याचीही शाश्वती नसते.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. ज्या वाक्यात द्रव्याचे नाव आणि उपयोग, त्याच वाक्यात किंवा त्यास लागूनच मात्रा, कालमर्यादा आणि निषेध. उदाहरणार्थ, पूर्वी आम्ही लिहिले असते : 'पावसाळ्यात जेवणापूर्वी सैंधव लावून आले खाल्ल्यास भूक वाढते.' आता लिहितो : 'भूक मंदावली असेल तर जेवणापूर्वी नखाएवढा आल्याचा तुकडा सैंधव लावून आठवडाभर खावा, छातीत जळजळ होत असेल, तोंड आले असेल, कोठूनही रक्त पडण्याची सवय असेल किंवा रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास सांगितले असेल तर हा उपाय करू नये.' वाक्य लांबते, त्याचा डौल जातो. कात्री कोठेही लागली तरी उपयोगाबरोबर निषेध जातो, हा त्याचा फायदा. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी अंकाचा ऋतू, वर्ष आणि 'हा लेख चार पानांचा आहे' ही ओळ छापतो. जुना कागद नव्या ऋतूत फिरू नये यासाठी ती आहे.

त्या प्रसंगानंतरच्या अंकात पहिल्याच पानावर आम्ही दुरुस्ती छापली. रुग्णाची ओळख न देता काय घडले, आमच्या मांडणीत काय उणे होते आणि गुळवेल कोणी घेऊ नये, हे सांगितले. त्याचे परिणाम सरसकट चांगले झाले, असे म्हणता येणार नाही. एका व्यवसायबंधूंनी दूरध्वनी करून, आपणच आपल्या शास्त्राविरुद्ध कशास लिहावे, अशी नाराजी व्यक्त केली. पत्रकाच्या पन्नास-पन्नास प्रती नेऊन आपल्या ग्राहकांना देणाऱ्या दोन औषधविक्रेत्यांनी त्या नेणे बंद केले. त्यांच्याकडे तेव्हा गुळवेलीची मागणी जोरात होती. त्यांतील एक परत आला, दुसरा आला नाही. उलट बाजूस, तो अंक हातात घेऊन 'मी पण घेतोय, बघा जरा' असे म्हणत जी माणसे आली त्यांत आमचे रुग्ण नसलेलेही पुष्कळ होते. त्यांपैकी काहींचा काढा आम्ही थांबविला, काहींचा मात्रा ठरवून चालू ठेवला.

रुग्णकथांविषयीही सावध राहिले पाहिजे. लहान गावात नाव गाळले म्हणजे ओळख लपते असे नाही. 'एक शिक्षिका, वय ४२, मासिक पाळीच्या तक्रारी' एवढे लिहिले की शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत तर्क सुरू होतात. आम्ही रुग्णकथा रुग्णाच्या लेखी संमतीनेच देतो आणि तरीही व्यवसाय, वय व काळ यांचा उल्लेख टाळतो. बऱ्या झालेल्या रुग्णांची कृतज्ञतापत्रे तर मुळीच छापत नाही. ती वाचून जो वाचक येतो तो त्याच फलाची अपेक्षा धरून येतो, आणि तो व्याधी त्याचा नसतो.

लेख वाचून येणाऱ्या पत्रांत निम्मी औषध कळवा म्हणून असतात. पत्राने औषध कळवू नये. 'आपणांस पाहिल्यावाचून सांगता येणार नाही; जवळच्या वैद्यास दाखवावे' एवढे उत्तर मात्र प्रत्येकास आणि आठवड्याच्या आत पाठवावे. तो जवळचा वैद्य आपला स्पर्धक असला तरी.

राहता राहिला प्रश्न श्रमांचा. संध्याकाळची तपासणी संपवून रात्री लिहावयास बसणे आम्हांस कधी साधले नाही. आणि जे लिहिले ते दुसऱ्या दिवशी वाचवेना. रविवारी सकाळचे दोन तास त्यासाठी ठेवले आहेत. दोन तयार लेख नेहमी शिलकीत असतात. आम्ही आजारी पडलो किंवा साथ आली तर त्यांतील एक जातो. लिहिलेला मजकूर प्रथम आमच्या दवाखान्यात औषधे देणाऱ्या ताई मोठ्याने वाचतात. त्या जेथे अडखळतात तेथे खूण करावयाची आणि ते वाक्य मोडून पुन्हा लिहावयाचे. आठशे शब्दांच्या लेखात पहिल्या वर्षी पंधरा-वीस खुणा होत असत. आताही चार-पाच होतातच. मजकूर तपासण्यासाठी तालुक्यातील दोन वैद्यबंधू आहेत. एकजण द्रव्यगुणाचा अभ्यासक असून मात्रा आणि निषेध तोच पाहतो. तिघांनी पाळीने लेख लिहिण्याचाही प्रयोग आम्ही केला, पण तिघांच्या तीन भाषा झाल्या आणि वाचकांनी 'हा अंक तुमचा नाही वाटतं' असे तोंडावर सांगितले. तेव्हापासून तपासणारे तिघे, लिहिणारा एक. खर्चाची बाब अशी की, दोनशे प्रतींचे चार पानी पत्रक दवाखान्याच्या उत्पन्नातून निघू शकते. जाहिरातदार शोधावा लागत नाही आणि म्हणून त्याचे मन राखावे लागत नाही. यापुढे जाऊन वर्गणीचे, जाहीर विक्रीचे नियतकालिक काढण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी नोंदणीविषयी आधी जाणकारास विचारावे. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा अंमलात आला आहे.

ते सेवानिवृत्त गृहस्थ आजही आमचे वाचक आहेत. प्रत्येक अंकातील न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ते अंक घेऊन येतात. मागील खेपेस त्यांनी रेघ मारली होती ती 'अनुपान' या शब्दाखाली, आणि शेजारी लिहिले होते, 'म्हणजे पाणी का?' प्रश्नवहीत तो सहावा होता. पुढील अंकाचा लेख त्यावरच आहे. ज्या वैद्यबंधुभगिनींना प्रश्नवहीचा नमुना पाहावयाचा असेल त्यांनी सभेच्या वेळी आम्हांस भेटावे. वही सोबत आणू.